मागचं वजन

लोडर लावलेल्या ट्रॅक्टरच्या मागे वजन हवं, याबद्दल कुही तालुक्यातल्या कुठल्याही ट्रॅक्टरवाल्याशी बोला, दुमत नाही. तरी उन्हाळ्यात मांढळ-वेलतूरकडे शेणखत आणि तलावाचा गाळ भरणारे ट्रॅक्टर पाहिले, तर कित्येकांची मागची बाजू मोकळी असते. माहीत असून एखादी गोष्ट होत नाही, तेव्हा तिचं कारण मालकाच्या मनात आणि त्याच्या हिशेबाच्या वहीत शोधावं लागतं. मी मालक आहे. म्हणून हा शोध माझ्यापासूनच सुरू करतो.

आधी यंत्राचं बोलू, कारण तिथे खोटं चालत नाही. ट्रॅक्टरच्या दोन आसांत साधारण दोन मीटर अंतर असतं. बकेटमधला माल पुढच्या आसाच्याही दीड मीटर पुढे लटकतो. बकेटमध्ये ओला गाळ 400 किलो असेल, तर पुढच्या आसावर 400 नाही, 700 किलो भार वाढतो, कारण मागच्या चाकांवरचे 300 किलो उचलले जाऊन तेही पुढेच येतात. लोडरच्या हातांचं आणि बकेटचं वजन यात धरलेलंच नाही. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. म्हणजे ज्या चाकांनी थांबवायचं, नेमकी तीच जमिनीवर हलकी टेकलेली. आंभोऱ्याकडे नदीच्या बाजूला जमीन उतरत जाते. तिथे भरलेली बकेट पुढे धरून उतरताना ब्रेक दाबला, की चाक थांबतं आणि ट्रॅक्टर मात्र घसरत राहतो.

याहून मोठा धोका डोळ्यांना दिसत नाही. ट्रॅक्टरचा पुढचा आस मधोमध एका पिनवर झुलतो, उंचसखल रानात चारही चाकं टेकावीत म्हणून. त्यामुळे ट्रॅक्टर आडवा कलू लागला, की सुरुवातीला पुढची चाकं त्याला धरत नाहीत. तोल सांभाळतात ती मागची दोन चाकं आणि ती पिन, एवढे तीनच टेकू. भार जितका पुढे, म्हणजे त्या पिनकडे सरकतो, तितकी ही तीन टेकूंची जागा चिंचोळी होत जाते. त्यात बकेट वर उचललेली असेल, एक चाक बांधावर चढलं आणि ड्रायव्हरने वळण घेतलं, तर सावरायला वेळ मिळत नाही. आपल्या बहुतेक ट्रॅक्टरांवर उलटल्यावर माणसाला वाचवणारी मजबूत चौकटही नसते.

उपाय महाग नाही, हेच जास्त बोचतं. पंचावन्न सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच उंच काँक्रीटचा ठोकळा ओतला, तर तो जवळपास 400 किलो भरतो. तो तीन पॉइंटच्या लिंकेजवर, मागच्या आसापासून मीटरभर मागे टांगला, की मागच्या चाकांवर 600 किलो वाढतात आणि पुढच्या आसावरचे 200 कमी होतात. टायरात पाणी भरणं चांगलंच, पण ते पाणी फक्त मागच्या चाकांना जड करतं, पुढच्या आसाचं ओझं तसूभरही हलकं करत नाही. आणखी एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. ट्रॉली ओढताना तोंड उचलू नये म्हणून बंपरवर बसवलेल्या लोखंडी प्लेटा लोडर लावताना काढायला हव्यात. आपल्याकडे ट्रॅक्टर पुढून उठतो ही भीती जुनी आहे, आणि ती साऱ्या जगाची होती. हॅरी फर्ग्युसनने 1920च्या दशकात तीन पॉइंटची जोडणी घडवली, त्यामागच्या कारणांत ट्रॅक्टर मागे उलटून माणसं मरत होती हेही होतं. आज उलट्या बाजूच्या धोक्यावरचं वजनही त्याच जोडणीवर टांगायचं आहे.

मग ते का निघतं? जोडणी एकच आहे म्हणून. सकाळी गाळ भरायचा, दुपारी कोणाच्या तरी कन्हार जमिनीत रोटाव्हेटर मारायचा, संध्याकाळी पुन्हा खत भरायचं. रोटाव्हेटर लावायला ठोकळा उतरवावा लागतो. संध्याकाळी तो परत चढवायचा, तर लोअर लिंकची भोकं जुळवा, पिना घाला, टॉप लिंक आवळा. त्या वेळेचे पैसे गिऱ्हाईक देत नाही. दिवसात तीन कामं कोण घेतो? मी घेतो, फोनवर, सावलीत बसून. ड्रायव्हरला रोजी आणि वर खेपेमागे पैसे हे कोणी ठरवलं? मीच. खेपेमागे पैसे ठेवले, म्हणजे ठोकळा चढवण्यात गेलेला वेळ त्याच्या खिशातून जाणार. असा दर ठरवून वर मी बजावायचो, की वजन लावल्याशिवाय लोडर चालवायचा नाही. मी सांगायचो तेव्हा तो लावायचा, आणि मी नसलो की सोडून द्यायचा. त्याला हलगर्जी म्हणणं मला सोयीचं होतं. पण सूचना एकीकडे आणि मजुरी दुसरीकडे ओढत असेल, तर माणूस मजुरीकडे जातो. मीही गेलो असतो.

याच्याही खाली उतरून पाहिलं, तर एक प्रश्न आहे, आणि तोच मला जास्त छळतो. मी वजन लावायला सांगत होतो ते कोणासाठी? एका उन्हाळ्यात ड्रायव्हर म्हणाला होता, "मांगून हलका लागते, भाऊ." मी लगेच विचारलं, "टायर घसरते का?" मग पुढच्या चाकाचं बेअरिंग, आसाचं ऑइल सील, स्टेअरिंग जड झालं का, सगळं विचारलं. त्याने सगळ्याची उत्तरं दिली. त्याला भीती वाटली का, हे मी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. नंतर लोकांना वजनाचं महत्त्व पटवतानाही माझ्या तोंडी टायर आणि बेअरिंगच यायचं. मनाची समजूत मी अशी घालायचो, की माणसं खर्चाची भाषाच ऐकतात, म्हणून तीच बोलायची. ते काही अंशी खरं आहे. पण दुसऱ्यांना पटवण्यासाठी घेतलेली ती भाषा माझी स्वतःचीही तीच होती. काम योग्य होतं. त्यामागचं कारण मात्र लोखंडाचं होतं, माणसाचं नव्हतं.

यंत्र नव्हतं तेव्हा आमच्या घरात हे असं नव्हतं. बंडी भरताना वडील ओझं आसावर नीट बसवायचे. मागे जास्त झालं तर बंडी उलाळते, जू वर ओढलं जातं आणि जोतं बैलाचा गळा आवळतं. पुढे जास्त झालं तर सगळा भार खांद्यावर. बैलाचा खांदा सुजला की घरातल्या बायाही विचारायच्या, बंडी कोणी भरली? पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणीला पळसाच्या पानाने हळद-तूप लावून तोच खांदा शेकला जायचा. वर्षभर ओझं वाहिलेल्या जागेवर मालकाचा हात एकदा तरी फिरायचा, आणि तिथे गाठ असली तर हाताला कळायची. ट्रॅक्टरच्या सीटवर बसणाऱ्याची कंबर, मान, उतारावर पोटात पडणारा गोळा, यांवर माझा हात कधी फिरत नाही. बैल मुका होता, तरी त्याचं विचारलं जायचं. हा माणूस बोलतो, तर त्याचं बोलणं मी ट्रॅक्टरच्या तब्येतीचा अहवाल म्हणून ऐकलं.

2017मध्ये गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजना आली. पूर्व विदर्भातल्या मालगुजारी तलावांचा गाळ काढून शेतात टाकायचं काम जुनंच, पण त्यानंतर त्याला जोर आला. गाळ चांगला आहे, हलक्या खर्डी जमिनीत पडला की पीक बोलतं, याबद्दल माझ्या मनात किंतू नाही. पण तो गाळ तणसासारखा हलका नसतो. ओला असेल तर घनमीटरला दीड टनाच्या वर जातो. पाव घनमीटरच्या बकेटमध्ये किती वजन चढलं, ते सीटवरून दिसत नाही, चाकाखाली कळतं. पावसाळ्याच्या आत काम उरकायचं असतं, ट्रॉल्या रांगेत असतात, आणि त्या घाईत पहिला निघतो तो मागचा ठोकळा.

आता मी दराची बोलणी बदलली आहेत. लोडरचं काम असेल त्या दिवशी लोडरचंच काम, रोटाव्हेटर दुसऱ्या दिवशी. ठोकळा चढवण्या-उतरवण्याचा वेळ कामाच्या तासांत धरतो आणि गिऱ्हाइकाला तो आधीच सांगतो. खेपेचे पैसे बंद करून रोजी तेवढी वाढवली. उतार कुठला घ्यायचा आणि कुठला सोडायचा हे ड्रायव्हर ठरवेल, आणि तो नाही म्हणाला तर मी त्याला परत विचारणार नाही. ही शेवटची गोष्ट बोलायला सोपी आहे. गिऱ्हाईक समोर उभं असताना ती पाळणं मला जड जातं. माझा हात फोनकडे जातो, "एवढ्या वेळ पाय ना गा" असं म्हणावंसं वाटतं. आणि हे सगळं मी काम भरपूर असलेल्या वर्षी ठरवलं आहे. पाऊस दगा देईल, सोयाबीन जाईल, ट्रॅक्टरचा हप्ता तोंडावर असेल आणि दिवसाला एकच काम घेणं परवडणार नाही, तेव्हा हा ठोकळा मागे राहतो की बांधावर, ते पाहायचं बाकी आहे.