नदीवर ओढलेली रेघ

यवतमाळ जिल्ह्याचा नकाशा पाहिला की वाटते, ही हद्द निसर्गानेच आखून दिली असावी. ईशान्येला वर्धा, दक्षिणेला पैनगंगा आणि वणीच्या टोकाशी दोघींचा संगम. पण नदीची सरहद्द झाली ती राज्यकर्त्यांच्या तहांमुळे. १८०३च्या डिसेंबरात आडगाव आणि गाविलगडच्या पराभवानंतर नागपूरकर भोसल्यांनी देवगावच्या तहात वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख सोडला. तो निजामाला मिळाला आणि वर्धा दोन राज्यांची सीमा ठरली. १८५३मध्ये फौजेच्या खर्चापोटी निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात दिले, तेव्हा पैनगंगेवरही तशीच रेघ आली. दूर बसून मुलूख वाटणाऱ्यांना नदी फार सोयीची. दाखवायला सोपी, मोजणीची कटकट नाही.

काठावर राहणाऱ्यांसाठी मात्र नदी खोऱ्याच्या मधोमध असते. केळापूर, झरी-जामणी, मारेगावकडे कोलाम आदिवासींचे पोड, म्हणजे वस्त्या, आहेत, तसेच ते पल्याडच्या आदिलाबादच्या डोंगरांतही आहेत. पौष अमावास्येला केसलापूरची नागोबाची जत्रा भरते, तेव्हा महाराष्ट्रातले गोंड भाविकही तेलंगणात जातात. जमिनीचा खरा बदल तर जिल्ह्याच्या पोटातच होतो. पश्चिमेला काळ्या बेसाल्टची कसदार माती आणि तिच्यावर उभा राहिलेला कापूस. पूर्वेला वणीकडे जमिनीखाली दगडी कोळसा आणि चुनखडी, म्हणून तिथे खाणी आणि राजूरच्या चुनाभट्ट्या. पुसदच्या माणसाचे आणि वणीच्या माणसाचे जगणे या मातीने वेगळे घडवले. तरीही १९०५मध्ये पुसद या जिल्ह्याला जोडले गेले, आणि आज दोघेही यवतमाळचेच.

म्हणजे सीमा खोटी, असे म्हणून चालणार नाही. सोयीसाठी ओढलेली रेघ काळाच्या ओघात खरी होते. पैनगंगेच्या दोन थड्यांवर जवळजवळ शंभर वर्षे दोन वेगळे कारभार चालले. उत्तरेला इंग्रजी महसूल व्यवस्था, कापसाच्या बाजारपेठा, यवतमाळहून मूर्तिजापूरला रुई नेणारी शकुंतला रेल्वे. दक्षिणेला निजामाचे राज्य आणि उर्दूतले दफ्तर. १७ सप्टेंबर १९४८ला ते राज्य संपले. आजही त्या तारखेला नांदेड-हिंगोलीत मुक्तिदिनाचा झेंडा फडकतो, आणि नदीच्या अलीकडे उमरखेडला तो वर्षातला इतर दिवसांसारखाच एक दिवस असतो. पाणी एक, पीक एक, मराठी जवळपास एक. आठवण मात्र दोन.

१९५६मध्ये ही रेघ भाषेच्या न्यायाने दुरुस्त करण्याचा प्रयत्न झाला. आदिलाबाद जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा मराठी मुलखात आले. तो निर्णय योग्यच होता. पण भाषावार रचनेने फक्त मोठ्या भाषांचे ऐकले. कोलामी ही द्रविड कुळातली भाषा. घरी ती बोलणारे मूल अलीकडे मराठी शाळेत बसते, पलीकडे तेलुगू शाळेत. दोन्हीकडे ते अल्पसंख्य आहे, कारण त्याच्या माणसांची वस्तीच रेघेने विभागली.

इतिहासाने केलेली वाटणी आता पुसता येणार नाही, पुसायची गरजही नाही. राज्यांना सीमा लागतात. मात्र नदीकाठच्या प्रश्नांचा विचार एकाच थडीवरून करणे थांबले पाहिजे. चनाखा-कोरटा बंधाऱ्यासाठी २०१६च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्र आणि तेलंगणाला एका टेबलावर बसावे लागले, कारण पैनगंगेचे पाणी अर्धे अडवता येत नाही. टिपेश्वरच्या जंगलातून निघालेला वाघ आदिलाबादेत पोहोचतो, तेव्हा वनखात्यांनाही एकमेकांशी बोलावे लागते. पाण्यासाठी आणि वाघासाठी जे जमते, ते कोलामांच्या भाषेसाठीही जमायला हवे. दोन्ही राज्यांनी मिळून कोलामीची पाठ्यपुस्तके करावीत, दोन्हीकडच्या शिक्षकांनी ती शिकवावीत. ज्यांना विचारल्याशिवाय सीमा आखली गेली, त्यांचे एवढे देणे दोन्ही सरकारांकडे बाकी आहे.