तांबडीची पिसं



आज गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला बाविसावा श्लोक. जुन्या-नव्या वस्त्रांचा. आपल्यापैकी बहुतेकांनी तो कुणाच्या तरी दहाव्याला ऐकलेला असतो.

सध्या मी गावी आहे, रत्नागिरीकडे. दिवाळीआधी कंपनीने आमची अख्खी टीमच बंद केली. लॅपटॉप जमा केला आणि घरी आलो.

परवा सकाळी खुराडं उघडलं तर आत उशी फाटल्यासारखी पिसं. मला वाटलं, रात्री मुंगूस शिरलं. पण पाचही कोंबड्या जागेवर होत्या. फक्त तांबडीची मान उघडी पडलेली. पिसवा झाल्या का, पिसं फुंकून पाहिलं. काही नाही. आई म्हणाली, "काही झालं नाही तिला. पिसं बदलतेय."

मग सवयीप्रमाणे वाचत बसलो. दिवस लहान होऊ लागले की साधारण दीड वर्षाच्या पुढची कोंबडी पिसं टाकते. आधी डोकं-मान, मग छाती-पाठ, शेवटी पंख आणि शेपूट. दोन-तीन महिने चालतं. पिसात साधारण 85 टक्के प्रथिनं असतात, म्हणून शरीर सगळं तिकडे वळवतं आणि अंडी बंद होतात. आणि जुनं पीस नुसतं गळत नाही, खालून उगवणारं नवं पीस त्याला बाहेर ढकलतं. हे वाचून मी थोडा वेळ थांबलोच.

वस्त्र बदलणं म्हणजे मला शर्ट बदलण्याइतकं सोपं वाटायचं. मधला उघडा काळ कधी डोक्यातच आला नव्हता. श्लोक देहाबद्दल आहे, नोकरीबद्दल नाही. उगाच ओढूनताणून लावू नये, हे कळतं मला. पण तो सांगितला गेला शस्त्र टाकून खाली बसलेल्या माणसाला, हेही खरंच ना?

शेजारचे काका म्हणाले, "अंडी देत नाही तर रविवारी कापा की." आईने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तांबडीसमोर सुकटीचा चुरा टाकला, बांधावरून वाळवीचं ढेकूळ आणून फोडलं.

काल काकड आरतीहून आलो आणि तांबडीला उचलायला गेलो. आई ओरडली, "हात लावू नकोस! कोवळ्या पिसांत रक्त असतं, दुखतं तिला."

मला येऊन तीन आठवडे झाले. आईने नोकरीचं एकदाही विचारलेलं नाही. ताटात मात्र रोज एक भाकरी जास्त असते.