सभेचे भय आणि निरपेक्ष वाणी



देवळाच्या सभामंडपात आपण निःसंकोच बसतो; परंतु "चार शब्द बोला" असे कोणी म्हणताच भलेभले मागे सरतात. तोंडाला कोरड पडते, हातपाय कापू लागतात, पाठ केलेलेही आठवत नाही. यात लाज वाटण्याजोगे काही नाही. कुरुक्षेत्रावर अर्जुनासारख्या महावीराची गात्रे अशीच शिथिल झाली होती. त्याचे कारण निराळे होते; तथापि कर्म आपल्या हाती, फळ नव्हे, हा भगवंतांनी त्याला केलेला उपदेश येथेही लागू पडतो.

सभेत बोलणे हे कर्म होय. श्रोत्यांची वाहवा हे त्याचे फळ. आपण तोंड उघडण्यापूर्वीच त्या फळाकडे डोळे लावून बसतो. लोक हसतील काय, नावे ठेवतील काय, या चिंतेने जीभ जड होते. म्हणून भयाचे मूळ सभेत नाही, अपेक्षेत आहे.

आपल्या पेडणे तालुक्यातील पालये गावच्या आंबिये घराण्यातील संत सोहिरोबानाथ (जन्म १७१४) यांची आख्यायिका सर्वश्रुत आहे. उत्तरेत महादजी शिंद्यांनी स्वतःची काव्यरचना त्यांना दाखविली. दरबार स्तुतीची वाट पाहत होता. नाथांनी मात्र स्तुती केली नाही, आणि रोष दिसताच, आपल्याला कोणाची गरज उरलेली नाही, अशा आशयाचे पद तेथेच म्हटले. ज्याला काही मागावयाचे नाही, त्याला कोणाचे भय?

ही निरपेक्षता एका दिवसात येत नाही. दिवेलागणीला घरातील देवापुढे पोथीचे एक पान मोठ्याने वाचावे. मग भजनात एक अभंग म्हणावा. मग सभामंडपात उभे राहावे. कीर्तनकारही प्रथम नमन करतो, नामाचा गजर करतो, आणि श्रोते त्याला साथ देतात. तेव्हा तो एकटा राहत नाही.

येथे श्रोत्यांचेही कर्तव्य आहे. उत्सवात एखादे मूल बोलता बोलता अडखळते आणि आपण हसतो. ते हसणे आपण घरी जाईपर्यंत विसरतो. ते मूल जन्मभर विसरत नाही. पुढे अन्याय डोळ्यांसमोर घडत असतानाही तेच मूल मोठेपणी गप्प बसते. त्या मौनात आपलाही वाटा असतो.

नैवेद्य दाखविताना आपण देवाकडून वाहवा मागत नाही. वाणीही तशीच अर्पण करावी. आपल्या मुखी सत्य आणि कानी क्षमा नांदो, हीच श्रीचरणी प्रार्थना.