कवि स्वतः गातो तेव्हां

संगीत नाटकांच्या भरभराटीच्या काळांत शोकाकुल नायिकेच्या पदालाहि 'वन्स मोअर' मिळे, आणि ती बिचारी आपला शोक पुन्हां पहिल्यापासून आरंभी. यांत कोणास क्रौर्य दिसत नसे, व तें योग्यच होतें. कारण रडणारी नायिका आणि गाणारा नट या दोन निराळ्या व्यक्ति होत्या. आपल्या साहित्यशास्त्रानेंहि रसिकाला हीच मुभा दिली आहे. भट्टनायकानें साधारणीकरणाचा सिद्धान्त मांडला. अभिनवगुप्तानें तर क्रौंचवधाच्या प्रसंगीं श्लोकरूप पावलेला शोक हा वाल्मीकीचा स्वतःचा शोक समजूं नये, असें बजावलें. दुःख कोणा एकाचें उरलें नाहीं, म्हणजे त्याचा आस्वाद घेण्यास हरकत ती कोणती?

परंतु ज्यानें सोसलें त्यानेंच रचलें, आणि तोच आपल्यापुढें चार हातांवर बसून गात आहे, अशा वेळीं ही मुभा टिकते काय?

वामनदादा कर्डकांचें उदाहरण घ्यावें. १९२२ सालीं सिन्नर तालुक्यांतील देशवंडी येथें जन्मलेले हे शाहीर लिहावयास-वाचावयास शिकले ते मोठेपणीं, मुंबईस आल्यावर. २००४ सालीं त्यांचें निधन झालें. तोंवर आंबेडकरांचा विचार आणि अस्पृश्यतेची व उपासमारीची हकीकत त्यांनीं वस्तीवस्तींतून गाऊन पोंचविली. येथें नट आणि नायक यांच्यामध्यें पडदाच नाहीं. शास्त्रानें रसिकासाठीं ठेविलेली पळवाट येथें बंद होते.

भव्य मंडपांत श्रोता गर्दीआड लपूं शकतो. ध्वनिमुद्रिकेला तर डोळेच नसतात. पण पन्नास-साठ माणसांच्या दालनांत आपण गाणाराला पाहतों तसा तोहि आपणांस पाहतो. (पुढच्या रांगेंतील मंडळींना घड्याळ पाहण्याची संवय असते, हेंहि त्याला दिसतें.) तेथें "वाहवा, पुन्हां एकदां!" असें म्हणणें म्हणजे एका जिवंत माणसाला आपली जखम पुन्हां उघडण्याची फर्माईश करणें होय. वस्तींतील म्हातारी "दादा, परत म्हणा" म्हणते तेव्हां ती स्वतःचीच हकीकत मागत असते. शब्द तेच, मागणी मात्र निराळी.

यावर कांहीं सज्जन सुचवितील कीं, आपण मान खालीं घालून मुकाट बसावें. मला तें पटत नाहीं. अशा मौनांत श्रोता शाहिराला विसरून आपल्याच सद्भावनेचें कौतुक करीत बसतो. शिवाय शाहीर चाल बांधतो ती लोकांच्या ओठीं बसावी म्हणूनच. ढोलकीवर मान डोलली तर त्यांत पाप नाहीं. आनंद त्याला हवाच आहे. आक्षेप आहे तो टाळी वाजवून हिशेब चुकता झाला असें समजणाऱ्या आनंदावर. दालनाबाहेर आल्यावर ज्याच्या मनांत केवळ चाल उरली आणि शब्द गळून पडले, त्यानें गाणें अर्धेंच ऐकलें.

जुन्या शाहिरांप्रमाणें वामनदादाहि शेवटच्या कडव्यांत पुष्कळदां आपलें नांव गुंफीत. पुस्तकांत हें नांव वाचतांना ती एक काव्यरूढि वाटते. तेंच नांव त्या नांवाचा माणूस समोर बसून उच्चारतो तेव्हां टाळीसाठीं उचललेला हात क्षणभर अडखळतो. आणि तोंवर पेटीवाल्यानें पुढच्या गाण्याचे सूर धरलेले असतात.