देह नाशिवंत, पण दुःख खोटें नव्हे

कर्करोगामुळें एखाद्या बाईचा स्तन काढावा लागतो. जखम भरते, टांके निघतात, डॉक्टर म्हणतात, "आतां काळजी नको." पण घरीं आल्यावर ती आरशासमोर उभी राहत नाहीं, लग्नकार्य टाळते, नवऱ्यासमोरहि पदर घट्ट ओढून घेते. मग शेजारच्या माळकरी बाया समजूत घालायला येतात : "अगं, देह नाशिवंतच. जीव वांचला ना ? त्याचें काय एवढें घेऊन बसलीस !" बोलणें खरें आहे. तरी तिच्या डोळ्यांचें पाणी खळत नाहीं. हें तिचें अज्ञान म्हणावें, कीं सांगणाऱ्यांचेंच कांहीं चुकतें ?

वैद्यकाकडे पाहूं. हॉल्स्टेड या अमेरिकन शस्त्रवैद्यानें १८८२ सालापासून स्तनाबरोबर छातीचे स्नायु व काखेंतल्या गांठीहि काढण्याची रीत पाडली. छातीला खळगा पडे, हात सुजे. कित्येक दशकें हीच रीत चालली. पुढें १९८५ सालीं बर्नार्ड फिशर यांनीं दाखवून दिलें कीं, गांठ लहान असल्यास तेवढाच भाग काढून किरणोपचार दिले तरी बायका तितक्याच जगतात. जीव वांचविणारेहि अंग राखण्याची एवढी खटपट करतात. मग जिचें अंग गेलें तिनें हळहळूं नये काय? आजहि कित्येकींचा स्तन काढावाच लागतो.

संतांनीं देहाला नाशिवंत म्हटलें, तसें साधनहि म्हटलें. ह्याच पायांनीं वारी घडते, ह्याच हातांनीं टाळ वाजतो. शिवाय वैराग्य ज्याचें त्यानें घ्यायचें असतें. चोरानें घर धुवून नेलें, त्याला आपण "वा ! मोठें दान केलेंस" असें म्हणतों का ? दान तें स्वखुशीचें. सुरीनें नेलें तें नेलेंच. त्याला त्याग म्हणणें ही थट्टा झाली.

मग तो उपदेश व्यर्थ का ? नाहीं. तो आधीं पाहणाऱ्यानें स्वतःला करावा. बाई म्हणजे तिचें शरीर नव्हे, हें खरेंच पटलें असेल तर आपली नजर तिच्या छातीकडे जाऊं नये, हळदीकुंकवाचें बोलावणें चुकूं नये, नवऱ्यानें अंथरूण दूर टाकूं नये. हें करून दाखविलें, तर तें वाक्य तोंडानें सांगावें लागत नाहीं.

न्यूयॉर्कच्या टेरीस लॅसर यांची हीच शस्त्रक्रिया १९५२ सालीं झाली. पुढें त्या अशाच रुग्ण बायकांच्या खाटेशीं जाऊं लागल्या. चेंडू-दोरीनें हात कसा मोकळा करावा, पोलक्याच्या आंत काय घालावें, हें दाखवीत. त्यांना पाहूनच समोरच्या बाईला कळे कीं, यानंतरहि जगतां येतें.

तेव्हां कोणी कापसाची घडी घालील, कोणी शस्त्रक्रियेनें नवा स्तन करवून घेईल, कोणी जागा तशीच ठेवील. तिला देहलोभी म्हणूं नका. तिच्या मनाप्रमाणें होऊं द्या. रडूं आलें तर रडूं द्या. आणि आठवडे लोटले तरी झोंप नाहीं, अन्न गोड लागत नाहीं, असें दिसलें तर मनाच्या डॉक्टरकडे न्या. ज्वराला औषध देतांना आपण लाजत नाहीं. येथेंहि लाजूं नये.