ज्याचं टपाल त्याला

अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात एडिसन नावाचं गाव आहे. थॉमस एडिसनची मेन्लो पार्कची प्रयोगशाळा इथेच होती. १८७९ सालच्या ३१ डिसेंबरला विजेचे दिवे बघायला लोक आगगाडीने इथे लोटले होते. आज त्या जागी उंच मनोरा उभा आहे आणि मनोऱ्याच्या टोकावर काचेचा भलामोठा दिवा आहे. या गावात मराठी माणसं बरीच. त्यांतलेच दोन भाऊ शेजारी शेजारी घरं घेऊन राहत होते. वडील, म्हणजे अण्णा, कराडच्या टपाल कचेरीत जन्मभर पोस्टमन होते. त्या वर्षी ते हिवाळ्यापुरते मुलांकडे आले होते आणि रोज संध्याकाळी त्या मनोऱ्यापर्यंत पायी जाऊन येत.

दोघा भावांना दिव्यांचा नाद होता. दिवाळीला लावलेली रोषणाई ते नाताळ संपेपर्यंत ठेवत. ही रोषणाई गाण्याच्या ठेक्यावर नाचणारी होती. रस्त्यावर गाड्या थांबत, आतली माणसं रेडिओवर ठरलेलं एफएम स्टेशन लावत आणि गाणं ऐकत घराकडे बघत. मागच्या सीटवरची मुलं काचेला नाक लावून बसत.

१८८२ साली एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने न्यूयॉर्कमध्ये आपल्या घरी नाताळच्या झाडावर लाल, पांढरे आणि निळे असे ८० विजेचे दिवे लावले होते. त्या दिव्यांना वीज मिळाली की काम झालं. भावांच्या घरांवरच्या दिव्यांचं तसं नव्हतं. तिथे प्रत्येक ठिपक्याला, म्हणजे पिक्सेलला, स्वतःचा निरोप लागे : लाल किती, हिरवा किती, निळा किती. असे १७० पिक्सेल मिळून एक ‘युनिव्हर्स’ होतो. प्रत्येक घरावर ६,८०० पिक्सेल होते, म्हणजे ४० युनिव्हर्स. प्रत्येक युनिव्हर्सला सेकंदाला ४० वेळा ताजा निरोप जायचा. तेव्हा एकेका घरात सेकंदाला निरोपांची १,६०० पाकिटं निघत. ती निघत गाणं वाजवणाऱ्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकातून आणि पोचत दिवे चालवणाऱ्या सहा कंट्रोलरांकडे. मधे बसलेला असे पाकिटं वाटणारा नेटवर्क स्विच.

थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी दोघांनी नाताळचा सगळा देखावा पहिल्यांदा लावून पाहिला. वळचणीचे दिवे झकास धावत होते. पण दोन्ही घरांच्या टपालपेटीजवळची छोटी कमान अडखळत होती. तिच्यावर एकच युनिव्हर्स होता आणि तिचा कंट्रोलरही अगदी लहान होता. ठेका पुढे जाई आणि कमान मागे राही.

“स्विच कमजोर आहे,” थोरला म्हणाला. दोघांकडे सारखाच, वीसेक डॉलरचा, १०० मेगाबिटचा आठ पोर्टांचा स्विच होता. थोरला त्याच संध्याकाळी गिगाबिटचा, २४ पोर्टांचा स्विच घेऊन आला. सगळ्या तारा त्यात खोचल्या. कमान तशीच अडखळत राहिली.

दुसऱ्या दिवशी त्याने काहीशे डॉलर मोजून आणखी मोठा, मॅनेज्ड स्विच आणला. त्यातली आयजीएमपी स्नूपिंगची सोय चालू केली. कमान तालात धावू लागली. त्याने सगळ्यांना अंगणात बोलावलं. पहिलं गाणं सुरेख झालं. दुसरं गाणं अर्ध्यावर आलं आणि एकेक करत सगळं घर अंधारलं. कंट्रोलर बंद करून पुन्हा सुरू केले की दिवे लागत आणि चार-पाच मिनिटांनी पुन्हा विझत. थोरला थंडीत रात्री अकरापर्यंत तारा काढघाल करत होता.

इकडे धाकट्याने बाजार गाठला नव्हता. तो गॅरेजमध्ये आपल्या जुन्याच स्विचसमोर बसला होता. शेजारी स्टुलावर शाल पांघरून अण्णा बसले होते. त्यांना नेटवर्कातलं काही कळत नव्हतं, पण नजर शाबूत होती.

“या डब्यावर सात दिवे लुकलुकतायत,” अण्णा म्हणाले. “सगळ्यांना सारखंच टपाल असतं का रे?”

“नाही, अण्णा. वळचणीला पुष्कळ जातं. कमानीला अगदी थोडं.”

“मग कमानीच्या तारेचा दिवा वळचणीच्या दिव्याइतकाच का फडफडतोय?”

धाकटा गप्प झाला. त्याने वाकून पाहिलं. खरंच, कमानीच्या पोर्टाचा हिरवा दिवा सगळ्यांच्या बरोबरीने तडतडत होता. त्याने कागद-पेन्सिल घेतली. कमानीची पाकिटं सेकंदाला ४०. तिच्या दारात येऊन पडत होती १,६००. म्हणजे १,५६० पाकिटं दुसऱ्यांची. तो इवलासा कंट्रोलर प्रत्येक पाकीट उचलून त्यावरचं नाव वाचत होता आणि त्या ढिगात त्याची स्वतःची पाकिटं हुकत होती.

“आमच्या कचेरीत सकाळी थैली यायची,” अण्णा सांगू लागले. “ती तशीच खांद्यावर टाकून आम्ही दारोदार हिंडत नव्हतो. आधी टेबलावर पत्रं लावायची. बीट वेगळं, गल्ली वेगळी, घर वेगळं. मग सायकलवर टांग. सगळी थैली प्रत्येकाच्या ओट्यावर ओतून ‘शोधा तुमचं पत्र’ म्हटलं असतं, तर कुणाची मनिऑर्डर वेळेवर मिळाली असती?”

धाकट्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्याचे निरोप मल्टिकास्टने जात होते. मल्टिकास्टच्या पाकिटावर घराचा पत्ता नसतो, फक्त युनिव्हर्सचा नंबर असतो. साधा स्विच ते कुणाला हवंय हे जाणत नाही, म्हणून प्रत्येक दारात टाकतो. ही दवंडीच झाली. स्विच गिगाबिटचा आणला तरी दवंडी ती दवंडीच.

तार कमी पडतेय का, हेही त्याने मोजलं. सगळी १,६०० पाकिटं मिळून सेकंदाला साधारण ९ मेगाबिट होत होती. तार होती १०० मेगाबिटची. तिचा दहावा हिस्साही भरत नव्हता. रस्ता रुंद होता, पत्त्यांचा मात्र पत्ता नव्हता.

त्याने सहाही कंट्रोलरांना एकेक कायमचा पत्ता दिला. मग एक्सलाइट्स या रोषणाईच्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येकापुढे तो पत्ता लिहिला आणि मल्टिकास्टच्या जागी युनिकास्ट निवडलं. अर्ध्या तासाचं काम. आता पाकिटावर दाराचा पत्ता होता आणि तोच वीस डॉलरचा स्विच ज्याचं पाकीट त्याच्याच दारात टाकू लागला. कमानीच्या पोर्टाचा दिवा निवांत झाला. बाहेर कमान गाण्याच्या ठेक्यावर पळू लागली.

दोघं शेजारच्या घरी गेले. थोरला हताश होऊन पायरीवर बसला होता. धाकट्याने त्याच्या स्विचची सेटिंग्ज उघडून पाहिली.

“दादा, तुझा स्विच चांगला आहे. कुणाला कोणतं टपाल हवंय, याची यादी तो आयजीएमपी स्नूपिंगने करतो. म्हणून कमान चालली. पण ‘अजून हवंय ना?’ असं अधूनमधून विचारणारा लागतो, क्वेरियर. तो इथे कुणीच नाही. त्यामुळे थोड्या वेळाने यादीतली नावं गळतात आणि टपाल बंद होतं.”

“शाळेला पट आहे, पण हजेरी घ्यायला गुरुजी नाहीत,” अण्णा म्हणाले.

थोरल्याने त्याच स्विचमधला क्वेरियर चालू केला. एक गाणं झालं, दुसरं झालं, दहावं झालं. घर उजळलेलंच राहिलं.

मग त्याने कोपऱ्यात टाकलेला जुना स्विच उचलला. “अण्णा, यावर झालं असतं?”

“मला तुझा डबा कळत नाही,” अण्णा म्हणाले. “पण नव्या गावात बदली झाली की मी तीन गोष्टी विचारायचो. घरं किती? टपाल किती? ऊनपावसात थैली ठेवायची कुठे?”

थोरल्याने बोटं मोजली. सहा कंट्रोलर आणि एक रास्पबेरी पाय, म्हणजे सात तारा. पोर्ट आठ, एक शिल्लक. टपाल ९ मेगाबिट, वाट १०० ची. आणि घरगुती स्विच शून्याखालच्या थंडीत, दमट हवेत बाहेर ठेवायचा नसतो, म्हणून जागा गॅरेजमधली. तिन्ही प्रश्नांना तो वीस डॉलरचा स्विच पुरून उरत होता. चुकलं होतं ते पाकिटावरच्या पत्त्यात, आणि तो मात्र स्विचमागून स्विच बदलत बसला होता. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

त्याने धाकट्यासारखेच पत्ते लिहिले, जुना स्विच जोडला आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही नवे स्विच खोक्यात भरून दुकानात परत केले. शंभरावर कंट्रोलर असलेल्या एखाद्या मोठ्या देखाव्याला तो महागडा स्विच उपयोगी पडला असता. त्याच्या घराला त्याची गरज नव्हती.

त्या रात्री रस्त्यावर गाड्यांची रांग लागली होती. एक लहान मुलगी आईचं बोट सोडून टपालपेटीजवळ आली आणि कमानीखाली उभी राहिली. कमानीचा प्रत्येक ठिपका गाण्याच्या ठेक्यावर, आपापल्या वेळेला लागत होता. अण्णा दारातून बघत राहिले. पिशवीतलं शेवटचं पत्र पोचतं झाल्यावर त्यांना असंच बरं वाटायचं.

तात्पर्य : नड कुठे आहे हे आधी शोधावं, मग बाजाराची वाट धरावी. नड न ओळखता आणलेली महागडी वस्तू अडचण जागेवर ठेवते आणि खिसा तेवढा हलका करते.