झील कोणाची?

कलावंताच्या मृत्यूनंतर रसिक दोन परस्परविरुद्ध मागण्या करतात : ‘आता हे थांबवा’ आणि ‘हे चालूच ठेवा’. १९८० मध्ये ड्रमवादक जॉन बॉनम गेला आणि लेड झेपेलिन या रॉकसमूहाने आपले कार्य थांबविले. १९९१ मध्ये फ्रेडी मर्क्युरी गेला. क्वीनचे उरलेले वादक मात्र पुढे इतर गायकांसह मंचावर आले. दोन्ही निर्णयांना निष्ठा म्हणता येते. मग ही निष्ठा नेमकी कोणाशी?

नोव्हेंबर २०१० मध्ये लोकशाहीर विठ्ठल उमप नागपूरच्या दीक्षाभूमीवर, मंचावरच कोसळले आणि निवर्तले. शेजारच्या भंडारा जिल्ह्यातील खडी गंमत पाहत आलेल्या रसिकाला हा प्रश्न निराळा दिसेल. तेथे शाहीर कडवे गातो आणि झीलकरी ध्रुपद उचलून धरतात. गाणे मुळातच एका कंठाचे नसते. त्यामुळे शाहीर गेल्याने ध्रुपद पोरके होत नाही. पोरका होतो तो आपला कान.

परंतु याच युक्तिवादातून क्रौर्यही संभवते. परंपरा अखंड आहे असे म्हणत आपण वारसाकडून मृताचाच आवाज वसूल करू लागतो. नंदेश उमप यांच्या गाण्यात केवळ वडिलांना शोधणारा श्रोता शोक करीत नसतो. तो समोरच्या गायकाला नाकारीत असतो.

फड चालवावा की मोडावा, हे मागे उरलेल्यांनी ठरवावे. रसिकाचे कर्तव्य एवढेच, की गेलेल्याची उणीव नव्या कंठावर न लादता ती त्याने स्वतः सोसावी.